जंगलाचा सातबारा आणि विकासाचा अनुशेष

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमता, ते भूगोलाचे शिक्षक होते. म्हणून सुरुवात नकाशानेच करतो. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेला, छत्तीसगड आणि तेलंगणाला खेटून एक लांबट जिल्हा आहे. तो गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून तो वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि त्यातला तीन-चतुर्थांश भाग जंगलाचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७२ हजार. राज्यात चौरस किलोमीटरमागे सरासरी ३६५ माणसे राहतात, इथे ७४. दहा माणसांतली जवळपास चार आदिवासी आहेत. त्यांत गोंड आणि माडिया प्रमुख.

आपल्यापैकी फार थोडे जण तिकडे गेले असतील. पण गडचिरोली ठाऊक नाही असे म्हणणारा एकही हात वर येणार नाही. वर्तमानपत्रातून तो जिल्हा आपल्याला ठरावीक बातम्यांनीच भेटतो. जंगलात चकमक झाली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला. गरोदर बाईला खाटेवर घालून नाल्यापलीकडच्या दवाखान्यात नेले. या बातम्या खोट्या नसतात. पण वर्षानुवर्षे एवढ्याच वाचल्या की वाचणाऱ्याच्या मनात एक माणूस तयार होतो: भित्रा, अडाणी, कोणाच्या तरी बंदुकीच्या धाकात जगणारा, आणि कोणीतरी येऊन आपला उद्धार करील याची वाट पाहणारा. मला आज या माणसाबद्दल बोलायचे आहे, कारण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत त्या प्रदेशाचे सारे नियोजन याच माणसाला समोर ठेवून झाले. जो खरा माणूस तिथे राहतो, त्याला कोणी फारसे विचारले नाही.

ठरीव प्रतिमांची एक उतरंड असते. पश्चिम महाराष्ट्रात विदर्भाबद्दल काय बोलले जाते हे मी आपल्याला सांगायला नको. तिकडची माणसे आळशी, उन्हामुळे दुपारभर झोपणारी, सुपारी चघळत गप्पा हाणणारी. नागपुरात गेलात की हाच सूर गडचिरोलीबद्दल ऐकू येतो. गडचिरोली शहरात एटापल्ली-भामरागड या आतल्या तालुक्यांबद्दल. आणि प्रत्येक पायरीवरच्या माणसाला वाटते की खरा मागासलेपणा आपल्या खालच्या पायरीवर सुरू होतो.

सरकारी नोकरीत या प्रतिमेला कागदी रूपसुद्धा आहे. नको असलेल्या अधिकाऱ्याला गडचिरोलीला पाठवायचे, ही आपली जुनी रीत. त्याला लोक सरळ शिक्षेची बदली म्हणतात. दुसरीकडे, तिथे काम करणाऱ्याला एकस्तर म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. गैरसोय सोसणाऱ्याला जास्त पैसे मिळावेत, यात वावगे काही नाही. पण तिथल्या शाळेतल्या मुलाच्या जागी जाऊन पाहा. त्याचे गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, वनरक्षक यांतला जो तो येतानाच परत जायचे दिवस मोजत असतो. ज्या गावात राहणे ही इतरांना शिक्षा वाटते, त्या गावात त्याचा जन्म झालेला असतो.

हा प्रदेश मागास म्हणून जन्माला आला नाही. चांद्याच्या गोंड राजांनी शतकानुशतके इथे राज्य केले. चंद्रपूरचा परकोट त्यांचाच. इंग्रजी अमलात जमीनदाऱ्या राहिल्या. त्यांतल्याच मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी १८५८ साली इंग्रजांशी लढा दिला आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. पुढे १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारजमा करण्याची घडी बसवली. तरी जुन्या मध्य प्रांतात निस्तार हक्क शिल्लक होते. घरासाठी लाकूडफाटा, कुंपणासाठी काट्या, नांगर-वखरासाठी लाकूड, टोपल्यांसाठी बांबू, गुरांसाठी चराई, हे सारे गावाच्या हक्काचे म्हणून निस्तारपत्रकात लिहिलेले असे. १९५० नंतर मालगुजारी आणि जमीनदारी गेली. जमीनदाराचे जंगल सरकारकडे आले. निस्तार मात्र कागदावर राहिला आणि प्रत्यक्षात आटत गेला. १९५६ साली हा भाग मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा निस्तारपत्रके दप्तरात होती. गावातल्या माणसाने बांबूची काठी तोडली की त्याच्यावर मात्र वनगुन्हा दाखल होत होता. त्याच जंगलातला बांबू कागद कारखान्यांकडे दीर्घ मुदतीच्या करारांनी ट्रकच्या ट्रक भरून जात होता.

ही गोष्ट ध्यानात घेतली तर मागासलेपणाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. आपण तो कसा मांडला ते पाहू.

महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास गांभीर्याने झाला, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमाने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद केली. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रे घेऊन तिने राज्याच्या सरासरीपेक्षा प्रत्येक जिल्हा किती मागे आहे ते काढले आणि रुपयांत मांडले. एकूण अनुशेष आला सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा. १९९४ मध्ये मंडळे स्थापन झाली. २०१३ मध्ये विजय केळकर समितीचा अहवाल आला. तिने जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक धरले, ही मोठी सुधारणा होती. कारण एकाच जिल्ह्यातल्या वडसा आणि भामरागड यांची सरासरी काढून दोघांपैकी एकाचेही खरे चित्र मिळत नाही. पुढे ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली.

दांडेकरांच्या सचोटीबद्दल मला पूर्ण आदर आहे. तरी त्या हिशोबाकडे एटापल्लीत उभे राहून पाहा. किती हेक्टर भिजते, किती पंपांना वीज आहे, किती किलोमीटर डांबरी रस्ता आहे, हे रकाने मुळात ऊस आणि कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाकडे पाहून आखलेले आहेत. मोह, तेंदू, बांबू, चारोळी, हिरडा यांवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेला त्यात जागाच नव्हती. तीन-चतुर्थांश जिल्हा जंगल म्हणून राखण्याचा मोबदला कोणी कोणाला द्यायचा, याचाही रकाना नव्हता. आणि जिल्ह्याला काय मिळाले नाही याची मोजणी झाली, तरी जिल्ह्यातून काय गेले आणि ते कोणाला विचारून गेले, याची झाली नाही.

उलट बाजू पाहा. आपल्या या तालुक्यात धरणाचे पाणी आहे, साखर कारखाने आहेत. कारखान्यांना सरकारी भागभांडवल मिळाले, कर्जाला सरकारची हमी मिळाली. कष्ट इथल्या शेतकऱ्याचेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या पाण्याला आणि हमीला कोणी उपकार म्हणत नाही. तो आपला विकास असतो. आदिवासीला शेळी किंवा ताडपत्री मिळाली की ते अनुदान होते आणि त्याच्या नावाने फुकट्याची चर्चा सुरू होते. आदिवासीला देणारा सदैव कोणीतरी दुसराच असतो, हे आपण गृहीत धरून बसलो आहोत.

या गृहीतकाला पहिला जोराचा धक्का दिला तो धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्याशा गोंड गावाने. १९८४ च्या सुमारास गोदावरी आणि इंद्रावतीवरच्या इचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. त्यातून हे गाव स्वतःबद्दल विचार करू लागले. देवाजी तोफा हे गावचे, मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले सहकारी. गावाने घोटुल, म्हणजे तरुणांचे पारंपरिक सामूहिक घर, बांधले, त्याचे लाकूड बेकायदा ठरवून ते मोडले गेले. तेव्हा आसपासच्या गावांनीही आपापली घोटुले उभारायचे ठरवले. गावात अभ्यासगट चालू लागले. ग्रामसभेत बहुमताने निर्णय घ्यायचा नाही, सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहायचे, असा रिवाज पडला. 'दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाने देशभर पोचवली.

त्यानंतर आला २००६ चा वनहक्क कायदा. वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली संसदेने त्याच्या उद्देशिकेतच दिली. कसत असलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक हक्क चार हेक्टरांपर्यंत. त्याहून महत्त्वाचा सामूहिक हक्क: गाव परंपरेने जे जंगल वापरत आले, ते राखण्याचा, त्याचे व्यवस्थापन करण्याचा आणि त्यातले गौण वनोपज गोळा करून विकण्याचा. बांबूही गौण वनोपजात धरला गेला. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचे मर्दा या गावांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. देशातली ही पहिलीच गावे. मेंढाच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आले.

असा दावा कसा तयार होतो, हे जरा जवळून पाहू. गावातली वनहक्क समिती म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन शिवार फिरते. हा नाला आमचा, त्या टेकडीपासून पलीकडचे जंगल दुसऱ्या गावाचे. या मोहाखाली अमक्याच्या घरची बाई फुले वेचते. इथे देवाचे ठाणे, तिथे पुरलेल्या माणसांचे दगड. हे सगळे कागदावर उतरते. वडीलधाऱ्यांचे जबाब, निस्तारपत्रकाची नक्कल, जुने नकाशे जोडले जातात, कारण कायद्याच्या नियमांत असे पुरावे ग्राह्य आहेत. शेजारच्या गावांशी हद्दीवरून बोलणी होतात. मग ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समिती, जिल्हा समिती. सरकारी दप्तरात जो भूभाग कक्ष क्रमांकांनी ओळखला जातो, तो या फाइलीत प्रथमच माणसांच्या नावांनिशी येतो. अडाणी म्हणून ज्यांची संभावना झाली, त्या माणसांनी असे दावे जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांत मंजूर करून घेतले आहेत.

हक्क कागदावर आला तरी बांबू बाहेर जाईना. वाहतूक परवाना वनविभागाकडे होता आणि तो मिळत नव्हता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढाला आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. ज्या हक्काच्या अंमलबजावणीसाठी मुख्यमंत्र्याला गावात यावे लागते, तो हक्क इतर हजार गावांत किती सहज चालत असेल, याचा अंदाज आपण करू शकता.

तेंदूपत्त्याचे उदाहरण याहून व्यापक आहे. मे महिन्याच्या उन्हात, पहाट व्हायच्या आधी घरे रिकामी होतात. दहा-अकरापर्यंत पाने तोडून परत यायचे. मग सावलीत बसून आजीपासून नातवापर्यंत सारे पाने मोजतात: सत्तर पानांचा एक पुडा, वाकाने बांधलेला. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी न्यायचे, तिथे शंभरा-शंभराने मांडायचे, वाळवायचे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पूर्वी या पानांचा लिलाव वनविभाग करायचा. तोडणाऱ्याला मजुरी आणि मागाहून बोनस. गेल्या दशकभरात शेकडो ग्रामसभा स्वतः वर्तमानपत्रात निविदा देऊ लागल्या, गट करून लिलाव घेऊ लागल्या. मजुरी तोडणाऱ्याला आणि स्वामित्वशुल्क ग्रामसभेच्या खात्यात, अशी वाटणी झाली. कष्ट तेच होते, पाने तीच होती. मालक बदलल्यावर पैसा गावात थांबू लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाने तर हक्क मिळाल्यावर तेंदू तोडायचाच नाही असे ठरवले. छाटणीने झाडाला फळ धरत नाही, फुटव्यासाठी जंगलात आगी लावल्या जातात, म्हणून. हातात येणारा पैसा सोडून देण्याचा हा निर्णय एखाद्या तज्ज्ञ समितीने घेतला असता तर आपण तिचा सत्कार केला असता.

ग्रामसभांचे चित्र मला रंगवून सांगायचे नाही. काही ठिकाणी कंत्राटदार पैसे थकवून पसार होतात आणि ग्रामसभेला वसुली कशी करायची ते कळत नाही. तेंदूच्या कंत्राटदारांकडून नक्षलवाद्यांनी वर्षानुवर्षे खंडणी घेतली. काही गावांत हिशोब दोन-चार पुरुषांच्याच हाती असतो. बिगर-आदिवासी वनवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागितला जातो आणि ढिवर किंवा दलित कुटुंबे तिथेच अडतात. हे दोष खरे आहेत. पण सहकारी संस्था बुडाल्या म्हणून सहकारच मोडा, असे आपण पश्चिम महाराष्ट्रात कधी म्हटले नाही. लेखापरीक्षण केले, कायदा सुधारला, माणसे घडवली. तोच धीर ग्रामसभांना का देऊ नये?

आता सध्याच्या प्रश्नाकडे येतो. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथे पंचाहत्तरहून अधिक वाहने जाळली. गेल्या काही वर्षांत खाण जोमाने सुरू आहे, कोनसरीत पोलाद प्रकल्प उभा राहिला आहे, आणि जो शेवटचा जिल्हा म्हणवला जाई त्याला आता राज्यकर्ते पहिला जिल्हा, पोलादाचे केंद्र म्हणतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा मोठा नक्षलवादी नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. बंदुकीची दहशत ओसरत असेल तर त्याचा आनंद सर्वांत जास्त तिथल्या आदिवासींनाच होईल, कारण दोन्हीकडच्या गोळ्यांनी त्यांचीच माणसे मेली.

खाणीत नोकऱ्या मिळाल्या, त्या तिथल्या तरुणांना हव्याही आहेत. दहावी-बारावी झालेल्या मुलाने आयुष्यभर मोहफुलेच वेचावीत, असे म्हणणे हीसुद्धा एक ठरीव प्रतिमाच आहे, फक्त प्रेमळ चेहऱ्याची. माझा प्रश्न निर्णयाचा आहे. त्याच डोंगरावर ठाकुरदेवाचे ठाणे आहे, जानेवारीत पंचक्रोशीची यात्रा भरते. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा; दोन्ही ग्रामसभेला अधिकार देतात. ओडिशातल्या नियमगिरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला आणि तिथल्या बारा ग्रामसभांना विचारले गेले. बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि देशाने तो मान्य केला. सुरजागडच्या परिसरात अशी खुली विचारणा व्हावी, ही मागणी करणाऱ्यांची गणना मात्र सहज विकासविरोधकांत होते, नाहीतर त्याहून वाईट कशात तरी.

आणखी एक विसंगती. तुलतुली, कारवाफा हे गडचिरोलीचे सिंचन प्रकल्प १९८० च्या वनसंवर्धन कायद्यामुळे दशकानुदशके रखडले. भाताच्या शेताला पाणी द्यायचे तर जंगल आडवे येते, लोखंड न्यायचे तर तेच जंगल वाट देते. सिंचनाचा अनुशेष म्हणून जो आकडा आपण तक्त्यात लिहितो, त्याच्या पोटात ही निवड दडलेली आहे.

आदिवासीला घेणारा म्हणूनच पाहणारी ही नजर गडचिरोलीपुरती नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेला शेतकऱ्यांचा मोर्चा आपल्याला आठवत असेल. त्यातले बहुसंख्य आदिवासी होते. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्री चालून संपवला. मुंबईकरांनी पाणी दिले, चपला दिल्या, आणि फोड आलेल्या पायांची छायाचित्रे घरोघर पोचली. ते औदार्य मनापासूनचे होते. पण ती माणसे चपला मागायला आली नव्हती. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, सातबारा मिळावा, ही त्यांची प्रमुख मागणी होती. पाय सगळ्यांना आठवतात, मागणी फार थोड्यांना.

शेवटी आपल्या हातात काय आहे ते सांगतो. उद्या पुन्हा असमतोल मोजायला समिती बसेल. अशा समित्यांवर बहुधा आपल्याच भागातली शिकलेली माणसे असतात. तिच्या तक्त्यात तीन रकाने वाढवा, असा आग्रह आपण धरू शकतो. प्रत्येक तालुक्यात किती गावांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले आणि त्यांतल्या किती ठिकाणी परवाना, निविदा, खाते खरोखर ग्रामसभेच्या हाती आहे. त्या तालुक्यातून वर्षाला किती किमतीचे खनिज आणि वनोपज बाहेर गेले आणि त्यातले किती तिथे उरले. आणि प्रत्येक मोठ्या प्रकल्पापूर्वी कोणत्या ग्रामसभेला विचारले, तिने काय उत्तर दिले. हे रकाने भरायला नवा निधी लागत नाही, माहिती सरकारच्याच दप्तरांत आहे. ते भरले गेले तर कोण कोणाला देत आले, याचा हिशोब आपल्या अपेक्षेपेक्षा फार वेगळा निघेल. तो आपल्या गैरसोयीचा असला तरी आपणच मागितला पाहिजे. कारण इथे धरण बांधताना आपले म्हणणे मुंबईपर्यंत पोचवायची ताकद आपल्याकडे होती, आणि ती ताकद अजून आपल्याकडेच आहे.